तोल गेला तेव्हा कोण बोलत होते? लकव्यानंतरचे उभे राहणे आणि डोक्यातले काम

लकव्यातून सावरणारा माणूस घरात पडला, हे सांगायला नातेवाईक येतात तेव्हा दोष कुणाचा हे त्यांनी बहुधा आधीच ठरवलेले असते: ओली फरशी, घसरणारी चप्पल, नाहीतर रात्रीचा अंधार. मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारते. त्या क्षणी कोण बोलत होते? सुरुवातीला हा प्रश्न अवांतर वाटतो, पण मग एकेक गोष्ट आठवू लागते. नातू गणित विचारत होता, मोबाइल वाजला होता, दारात पार्सलवाला ओटीपी मागत होता, किंवा कुणीच बोलत नव्हते पण ते स्वतः काल ठेवलेली पावती कुठे गेली याचा विचार करत उभे होते.

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकाजींची गोष्ट माझ्या चांगली लक्षात आहे. डाव्या बाजूला लकवा येऊन चार महिने झाले होते. फिजिओथेरपीच्या विभागात ते हात न टेकता दोन मिनिटे उभे राहत आणि तशी नोंद त्यांच्या कागदावर होती. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते देव्हाऱ्यासमोर उभे होते. आतून सुनेने विचारले, "बाबा, दूधवाला आला आहे. बावीस दिवस, रोज अर्धा लिटर, साठचा भाव, किती द्यायचे?" काकाजींनी मान वर केली, ओठ हलू लागले आणि त्याच वेळी डावी टाच जमिनीपासून इतकी सुटली की तिच्याखालून पोस्टकार्ड सरकवता आले असते. सगळे वजन उजव्या पायावर गेले, उजव्या हाताने देव्हाऱ्याची कड पकडली आणि मग उत्तर आले, "सहाशे साठ." हिशेब बरोबर होता आणि ते पडलेही नाहीत, परंतु विभागातल्या दोन मिनिटांत जे एकदाही दिसले नव्हते ते या एका हिशेबात दिसले.

असा प्रसंग आपल्या घरातही घडतो का, हे सुरक्षितपणे कसे तपासावे आणि त्यावर पायरीपायरीने सराव कसा करावा, हे येथे लिहीत आहे. रुग्णाला तपासलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवून आणि त्यांच्या संमतीनेच ते करावे.

उभे राहण्यालाही लक्ष लागते

उभा असलेला माणूस खरे तर कधीच स्थिर नसतो. मुले तळहातावर काठी उभी तोलतात तेव्हा हात जसा सतत बारीक सरकत राहतो, तसे आपले शरीर घोट्यांभोवती आणि खुब्यांभोवती किंचित पुढेमागे व डावीउजवीकडे झुलत असते, आणि तळपायांची संवेदना, डोळे व कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग यांच्याकडून येणाऱ्या खबरांवरून मेंदू ते झुलणे आवरत असतो. निरोगी माणसात हे काम बहुतांशी मेंदूच्या खालच्या भागात, लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत आपोआप होत असते. म्हणून बसस्टॉपवर उभे राहून आपण भांडूही शकतो आणि हिशेबही करू शकतो.

लकव्यात ही आपोआप चालणारी व्यवस्था मोडते. पायाचे स्नायू उशिरा आणि कमी जोराने प्रतिसाद देतात, तळपायाची खबर अपुरी येते, शरीराचा मध्य कुठे आहे याचा अंदाज चुकतो. मग जे काम न सांगता होत होते ते मोठ्या मेंदूला लक्ष घालून करावे लागते, आणि हिशेब, स्मरण, शब्द शोधणे ही कामेही त्याच लक्षावर चालतात. उन्हाळ्यात एकाच नळाला दोन पाइप जोडले की दोन्हीकडची धार बारीक होते, तसेच येथे होते. प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या प्रयोगांतही हेच दिसले आहे: बसलेले असताना, पाय फाकवून उभे असताना आणि पाय जवळ घेऊन उभे असताना आवाज ऐकून उत्तर द्यायला सांगितले, तर स्थिती जितकी अवघड तितका लकवा झालेल्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांच्या तुलनेत जास्त मंदावतो.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्वीडनमधल्या एका लहानशा अभ्यासाने. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या, तेव्हा १२ जण बोलण्यासाठी थांबले, आणि त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. हा अभ्यास चालण्याचा होता आणि त्यातले सगळे काही लकव्याचे रुग्ण नव्हते, पण बोलायला थांबावे लागणे ही खूण किती बोलकी असते हे त्यातून कळले. तुमच्या घरातला माणूस बोलण्यासाठी थांबत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, तो शहाणपणाने तोल वाचवतो आहे.

कमी हलणे म्हणजे चांगला तोल नव्हे

नातेवाईकांचा, आणि स्पष्टच सांगायचे तर नव्या फिजिओथेरपिस्टांचाही, सर्वांत मोठा गैरसमज येथे होतो. हिशेब घातल्यावर रुग्ण जास्त झुलेल अशी त्यांची अपेक्षा असते. काही रुग्ण तसे झुलतात, पण काहींचे झुलणे उलट कमी होते, आणि लकव्यानंतरच्या उभे राहण्यावर झालेल्या अभ्यासांतही दोन्ही प्रकारचे निष्कर्ष आले आहेत. झुलणे कमी झाले म्हणून घरचे खूश होतात. जवळून पाहिले की वेगळेच दिसते: गुडघे ताठ, पायाची बोटे फरशीला रोवलेली, अधू हाताची मूठ घट्ट, श्वास रोखलेला. शरीराने स्वतःला खांबासारखे आवळून घेतलेले असते. असा माणूस धक्का लागेपर्यंत छान उभा दिसतो, पण लहान मूल पायाशी येऊन बिलगले की सावरण्यासाठी लागणारी लवचीकता त्याच्यापाशी नसते.

दुसरी फसवणूक याच्या उलट असते. शरीर अगदी जागच्या जागी राहते, पण उत्तरे मंदावतात, चुकतात किंवा थांबतात. येथे माणसाने तोलाला पहिला मान दिला आणि हिशेब सोडून दिला. ही निवड चांगली आहे. अडचण त्याची असते जो हिशेब अचूक सांगतो आणि टाच उचलतो. म्हणून केवळ पायांकडे किंवा केवळ उत्तरांकडे पाहून काहीच कळत नाही, दोन्हींची नोंद एकाच वेळी ठेवावी लागते.

सुरुवात करण्यापूर्वी

डोळे उघडे ठेवून, आधार न घेता ३० सेकंद उभे राहता येत नसेल तर डोक्यातले काम अजून जोडू नये. शरीर अधू बाजूकडे जोराने ढकलणाऱ्या, डाव्या बाजूचे भानच नसणाऱ्या किंवा अर्धी दृष्टी गेलेल्या रुग्णांनी हा सराव फिजिओथेरपिस्टच्या हाताखालीच करावा.

रक्तदाब बसून मोजावा, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो दिवस सरावाचा नाही, डॉक्टरांना कळवण्याचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, अंगातले पाणी कमी होते, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे दुपारी उभे राहून येणारी चक्कर आणि हिशेबाने गेलेला तोल यांची गल्लत सहज होते. उन्हाळ्यात सराव सकाळी नऊच्या आत उरकावा. मधुमेह असेल तर उपाशीपोटी करू नये.

जागा निवडताना नागपूरच्या घरातला एक खास शत्रू लक्षात ठेवावा, तो म्हणजे कूलर. त्याची वायर खोलीभर लोळत असते आणि त्याच्या खाली सांडलेल्या पाण्याचा डाग चकचकीत फरशीवर दिसतही नाही. पायपुसणी आणि सतरंजीही उचलून ठेवावी. रुग्णाच्या मागे पलंग किंवा भिंतीला टेकवलेली जड लाकडी खुर्ची असावी, कारण प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. पुढे हात पोहोचेल इतक्या अंतरावर टेबल असावे. पायाला स्प्लिंट दिलेली असेल तर ती आणि तिच्याबरोबरचे बूट घालावेत. रबरी स्लिपर नको. मदतनीसाने अधू बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि कमरेला बांधलेल्या मजबूत पट्ट्याजवळ हात तयार ठेवावा. सावरताना अधू हात कधीही ओढू नये, त्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो आणि एका झटक्याने महिनोन्महिने दुखत राहतो.

पहिली पायरी: योग्य प्रश्न निवडणे

या पायरीला लोक फार कमी वेळ देतात, आणि सगळी तपासणी येथेच बिघडते. "पंधराचा पाढा म्हणा" हे काम साठीसत्तरीच्या माणसासाठी कामच नव्हे. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, दीडकी घोकली आहे त्यांच्या तोंडून पाढा आणि पाठ असलेले स्तोत्र एकाच सहजतेने बाहेर पडते आणि लक्षावर त्याचा फारसा भार पडत नाही. तोच पाढा उलटा म्हणायला सांगितला, दीडशेपासून पंधरापर्यंत, की लगेच चेहरा बदलतो.

मी साधारणपणे चार प्रकारांतून निवड करते. १०० मधून तीनतीन वजा करत जाणे हा हिशेबाचा प्रकार. शब्द शोधण्यासाठी गावांच्या भेंड्या, किंवा विदर्भातले ११ जिल्हे आठवून सांगणे, ज्यात वाशीम आणि गोंदिया हमखास शेवटी येतात. स्मरणासाठी कॉटन मार्केटमधून आणायच्या पाच भाज्या ऐकवून एका मिनिटाने विचारणे. चौथा प्रकार मनात चित्र उभे करण्याचा: सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकातून निघून महालात घरापर्यंत यायचे तर कुठे डावीकडे आणि कुठे उजवीकडे वळाल? शेवटचा प्रकार दिसतो निरुपद्रवी, पण दिशा आणि जागा यांचा विचार शरीराचा तोल राखण्याच्या विचाराला फार जवळचा असल्यामुळे काहींना तोच सर्वांत जड जातो.

ज्यांची शाळा दुसरीतच सुटली त्यांना वजाबाकी देऊन त्यांचा अपमान करू नये. भाजीचा भाव, धान्याचे माप, लग्नघरातल्या पाहुण्यांची नावे यांतही तितकेच डोके लागते. डाव्या मेंदूत लकवा होऊन उजवी बाजू गेली असेल तर बरेचदा बोलण्यावरही परिणाम झालेला असतो. अशा माणसाला नावे सांगायला लावली तर तोल शब्दाच्या अडचणीने गेला की उभे राहण्याच्या, ते कळणारच नाही. बोललेले समजत असेल तर त्याला ऐकण्याचे काम द्यावे: मी काही शब्द म्हणेन, फळाचे नाव आले की चांगल्या हाताचे बोट उचला.

आणखी एक बारकावा आहे. मोठ्याने बोलण्यानेच श्वास, जबडा आणि छाती हलतात आणि त्यामुळे झुलणे बदलते. म्हणून एखादी फेरी मनातल्या मनात करायला सांगावी आणि फक्त शेवटचा आकडा विचारावा.

दुसरी पायरी: तीन फेऱ्या आणि एक वही

पहिली फेरी बसून. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती बरोबर उत्तरे येतात ते मोजावे. दुसरी फेरी काहीही न विचारता ३० सेकंद उभे राहण्याची. तिसरी फेरी उभे राहून उत्तरे देण्याची. मध्ये दर वेळी बसून श्वास शांत होईपर्यंत थांबावे. हे सगळे वेगवेगळ्या दिवशी तीनदा करावे आणि फेऱ्यांचा क्रम बदलत राहावे, नाहीतर तिसऱ्या फेरीतला थकवाच मोजला जातो.

सूचना देताना शब्द दर वेळी तेच ठेवावेत. "पडू नका हं, नीट उभे राहा" असे म्हटले की माणूस तोलाकडे पाहतो, "पटापट सांगा" म्हटले की उत्तरांकडे पाहतो, आणि दोन्ही दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी म्हणते, "दोन्हीकडे सारखेच लक्ष द्या," आणि त्यात एक शब्दही बदलत नाही.

दोन्ही कामे एकदम करण्याची किंमत काढणे सोपे आहे. बसून १० बरोबर आली आणि उभे राहून सात, तर तीन उत्तरे गेली, म्हणजे ३० टक्के. हा आकडा रुग्णाच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहावा, शेजारच्या रुग्णाशी नव्हे. त्याच ओळीत शरीराचे काय झाले तेही लिहावे: हात टेबलाकडे गेला का, पाऊल टाकावे लागले का, टाच उचलली का, बोटे आवळली का, श्वास रोखला का, आणि वजन कोणत्या पायावर गेले.

वजनासाठी एक साधा उपाय आहे. सारख्या उंचीचे दोन वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय द्यायचा. समजा ६४ किलोचा माणूस शांत उभा असताना काटे ३८ आणि २६ दाखवतात, आणि वजाबाकी सुरू होताच ४५ आणि १९ वर जातात, तर अधू पाय नेमका कधी सुटी घेतो हे घरच्यांना कुठल्याही व्याख्यानाशिवाय समजते. परंतु काट्यावर चढणे हीच एक पायरी आहे, त्यामुळे दोन माणसे हजर असतील तरच हे करावे, आणि आकडे मदतनीसाने वाचावेत. रुग्ण खाली पाहू लागला की मानही झुकते आणि तोलही.

दवाखान्यात याच कल्पनेवरच्या चाचण्या होतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसण्याची चाचणी आधी नुसती, मग वजाबाकी करत आणि मग पाण्याचा पेला हातात धरून घेतात. तोलाच्या १४ कामांची ५६ गुणांची बर्ग चाचणीही उपयोगी आहे, पण ती होत असताना रुग्णाला हिशेब विचारत नाहीत. ५० गुण मिळाल्याचा कागद घेऊन येणारे काकाजी देव्हाऱ्यासमोर का डगमगतात, याचे उत्तर बरेचदा येथे असते.

तिसरी पायरी: सराव

सरावाचे सूत्र एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी. पाय खांद्याइतके फाकवून सोपा प्रश्न जमला तर प्रश्न अवघड करा आणि पाय तसेच ठेवा. तेही जमले तर पाय जवळ घ्या आणि प्रश्न पुन्हा सोपा करा. त्यानंतर एक पाऊल अर्धे पुढे ठेवून उभे राहणे येते. गादीवर उभे राहणे आणि डोळे मिटणे हे प्रकार घरी करू नयेत.

सुरुवातीचे काही दिवस एका फेरीत तोलाकडे आणि पुढच्या फेरीत उत्तरांकडे लक्ष द्यायला सांगावे. लक्ष ठरवून इकडून तिकडे नेता येणे हे स्वतःच एक कौशल्य आहे, आणि तोल कमी असलेल्या वृद्धांवर झालेल्या अभ्यासात दोन्हीकडे कायम सारखे लक्ष देण्यापेक्षा अशा आलटूनपालटून सरावाचा लाभ जास्त दिसला. उत्तर देतानाही अधू पायावर भार राहावा यासाठी मदतनीसाने मध्येच "डावी टाच" एवढेच दोन शब्द म्हणावेत. लांबलचक सूचना म्हणजे डोक्याला आणखी एक काम.

बसण्याची विश्रांती धरून १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून तीन ते चार दिवस, इतके बहुतेकांना झेपते. दोन आठवड्यांनी प्रश्नोत्तरे बाजूला ठेवून घरातली कामे आणावीत: ओट्याशी उभे राहून वाटाणे सोलत गप्पा मारणे, कपड्यांच्या घड्या घालताना कुणाचा कपडा कुठे जायचा ते सांगणे, सुटे पैसे मोजून डबीत टाकणे. लकव्याचा माणूस शेवटी सभागृहात वजाबाकी करणार नाही, तो दारात उभा राहून दूधवाल्याशीच बोलणार आहे.

सराव पक्का होईपर्यंत घरच्यांनी

उभ्या माणसाला मागून हाक मारू नये, समोर येऊन बोलावे. पैशांचा, औषधांचा, कागदपत्रांचा प्रश्न असेल तर आधी बसवावे. मोबाइल खिशात नको, बसण्याच्या जागेजवळ असावा. रुग्णाला एक वाक्य पाठ करून द्यावे, "थांबा, बसतो, मग सांगतो," आणि ते म्हटल्यावर घरच्यांनी खरोखर थांबावे. भेटायला येणारी मंडळी दारातच चौकशी सुरू करतात. त्यांना आधी खुर्ची द्यावी म्हणजे रुग्णालाही बसता येते.

आधी जमत असलेले अचानक जमेनासे झाले, चेहरा वाकडा झाला, हातातला जोर गेला किंवा बोलणे अडखळले, तर तो सरावाचा थकवा समजू नये. वेळ लिहून ठेवावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजताना

काकाजींच्या बाबतीत येथे मी स्वतःच फसले. पहिल्या वेळी उभे राहून सात उत्तरे आली होती, सहा आठवड्यांनी दहा आली, टाचही जमिनीवर राहिली, आणि मी सुनेला आनंदाने तसे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, बाबा आंघोळीतसुद्धा सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव म्हणत असतात." साखळी त्यांना पाढ्यासारखी पाठ झाली होती. मग मी ८८ पासून सुरुवात केली, तरी ते धडाधड सांगत गेले, कारण ८८ हाही त्याच साखळीतला मणी. शेवटी ९५ पासून मोजायला लावले. काकाजी थबकले, माझ्याकडे रागाने पाहिले, आणि ३० सेकंदांत आठवर थांबले. मी वहीत आधीचा दहा खोडून आठ लिहिला. टाच मात्र जमिनीवरच होती.